डोक्यावरचा धोंडा

आमच्या घराच्या अंगणांत एक धोंडा आहे. बसलेल्या म्हशीएवढा त्याचा आकार. रंग काळा, पाठ गुळगुळीत. लहानपणीं त्याच्यावर बसून मीं पाढे पाठ केले. माझ्या आईनें त्याच्या एका कडेवर पन्नास वर्षें धुणें आपटलें. आणि त्याच्या डोंगराकडच्या अंगाला माझ्या आजीनें कधीं काळीं लावलेला शेंदूर अजूनहि थोडाफार टिकून आहे. परक्या माणसाला वाटावें कीं, धोंडा येथें पूर्वींपासून होता आणि त्याला न हलवितां त्याच्या भोवतीं आम्हीं अंगण आखून घेतलें. खरी हकीकत उलट आहे. घर अगोदरचें, धोंडा मागाहून आला. माझ्या वडिलांच्या लहानपणीं एका आषाढांत, झडीच्या चौथ्या दिवशीं, तो डोंगरावरून निघाला. वाटेंत गोठ्याची एक भिंत आणि दोन वासरें त्यानें घेतलीं. आणि आमच्या ओसरीपासून नऊ हातांवर येऊन तो थांबला. तो थांबला म्हणून आजीनें त्याला शेंदूर लावला. तो मुळांत आलाच कां, असें त्याला कोणी विचारलें नाहीं.

हें घर नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, माहूर आणि किनवट यांच्या दरम्यानच्या डोंगरांत, एका लहानशा वस्तीवर आहे. माहूरचें नांव रेणुकेमुळें साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु गडावर दर्शन घेऊन परत फिरणाऱ्या यात्रेकरूच्या दृष्टीस ही साग-सालईंत लपलेली वस्ती सहसा पडत नाहीं. मी स्वतः गेलीं अठ्ठावीस वर्षें लातुरास एका महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. आमच्या घरावर डोंगर आहे, असें सांगितलें कीं माझे लातुरकर मित्र हंसतात. त्यांच्या मतें डोंगर म्हणजे सह्याद्रि आणि दरड म्हणजे कोंकण. मराठवाड्यानें दुष्काळाची तक्रार करावी, दरडीची नव्हे! त्यांचें अगदींच चुकतें असें नाहीं. सह्याद्रीपुढें आमचा डोंगर म्हणजे एक टेंगूळ. परंतु माणसाचें डोकें फुटावयाला तीन हजार फूट उंचीची आवश्यकता नसते. दोनशें फूटहि पुरतात.

या टेंगळाचें कुळ मात्र सह्याद्रीचेंच. भूगर्भशास्त्र शिकविणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्यानें त्याची जन्मकथा मला समजावून सांगितली. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून शिलारस वर आला. आणि तो एकदां येऊन थांबला नाहीं, थरावर थर पसरत राहिला. आजहि पांच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास प्रदेश त्या काळ्या पाषाणाखालीं आहे. पश्चिम घाटांत त्याची जाडी दोन किलोमीटरांपर्यंत जाते. पूर्वेकडे तो पातळ होत होत नांदेड जिल्ह्यांत त्याची कड लागते आणि देगलूर-बिलोलीकडे खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. या पाषाणाला शास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणतात. स्वीडिश भाषेंत जिन्याला जो शब्द आहे त्यावरून हें नांव पडलें. आमचा डोंगर समोरच्या शेतांतून पाहिला तर तो खरोखर जिन्यासारखाच दिसतो. एक उभा कडा, मग एक उतरती पायरी, पुन्हां एक कडा. आमची वस्ती या जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर आहे.

जिन्याच्या पायऱ्या पडतात त्याचेंच दुसरें नांव दरड. वरचा थर घट्ट काळ्या कातळाचा असतो, आणि त्याच्या खालीं विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो ठिसूळ, पांढऱ्या खड्यांनीं भरलेला दगड किंवा लाल मातीचा पट्टा असतो. पाऊस खालचें मऊ आधीं खातो. वरचें कठीण अधांतरी राहतें. शिलारस निवतांना त्याला उभ्या चिरा पडलेल्या असतातच. त्या चिरांत पाणी शिरतें, पिंपळाचें मूळ शिरतें. आमच्याकडील वैशाखाचें ऊन दगडाला दिवसा फुगवितें आणि रात्रीं आंखडवितें. अशा रीतीनें कड्याचा एक एक खण सुटा होतो. सुटा झाला तरी तो लगेच पडत नाहीं. वर्षानुवर्षें तो तसाच उभा राहतो. त्याच्या कडा कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें सुटून झिजतात आणि त्याला माणसाच्या डोक्यासारखी गोलाई येते. मग खालचे लोक त्याला नांव ठेवतात.

आमच्या घराच्या बरोबर वर असलेल्या अशा एका खणाचें नांव 'आजा'. ओसरीवर उताणें निजलें कीं छपराच्या पागोळीवरून त्याचें कपाळ दिसे. लहान मूल रात्रीं रडूं लागलें तर 'आजा बघतोय' असें म्हणून त्याला गप्प करीत. लग्नाची पहिली अक्षत देवीला, दुसरी आज्याला. भीतीचा आणि घरोब्याचा असा संकर शहरांतल्या माणसाला विचित्र वाटेल. पण ज्याच्या डोक्यावर रोज एखादी वस्तु टांगलेली असते त्याला तिच्याशीं कांहींतरी नातें जोडावेंच लागतें. नुसत्या भीतीवर कोणाला जेवण जात नाहीं.

माझे वडील त्याच वस्तीपासून दोन कोसांवर प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. आज्याला अक्षत त्यांनीं कधीं चुकविली नाहीं. परंतु त्यांचा विश्वास अक्षतेवर नव्हता. आज्या आणि त्याच्या मागचा कडा यांच्या मध्यें एक चीर आहे. १९७१ सालीं, म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षीं, वडील तेथें चढून गेले आणि त्या चिरेवर त्यांनीं हाताएवढी चुन्याची एक थापी आडवी लिंपली. ती ओली असतांनाच खिळ्यानें तिच्यावर साल लिहिलें. हेतु असा कीं, धोंडा केसभर जरी सरकला तरी चुन्याला तडा जावा. जुन्या वाड्याच्या भिंतीला भेग गेली तर ती वाढते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गवंडी असेंच करीत. वडिलांनीं ती युक्ति डोंगराला लावली. पुढें दर वर्षीं मृग निघण्यापूर्वीं ते वर जात, थापी पाहत आणि उतरत. तडा गेलेला आढळला तर शेजारीं नवी थापी लिंपून नवें साल घालीत. ते खालीं आले कीं आई चहाचें आधण ठेवतां ठेवतां विचारी, "काय म्हणतो आजा?" बहुतेक वर्षीं उत्तर येई, "निजला आहे."

याखेरीज वस्तीचेंहि एक शास्त्र होतें. लांब उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसांत कड्याखालीं गुरें बांधावयाचीं नाहींत. झडीचा तिसरा दिवस उजाडला कीं लेकरें शाळेकडच्या अंगाला निजवावयाचीं. वरून खड्यांची सळसळ ऐकूं आली तर अगोदर वानरें दिसतात का पाहावयाचें, आणि वानरें नसलीं तर उठून चालूं लागावयाचें. हें ज्ञान कोणत्याहि पुस्तकांत नव्हतें, आणि तें खोटेंहि नव्हतें. त्यांत एकच उणीव होती, आणि ती पुष्कळ उशिरां माझ्या ध्यानांत आली.

आई माहेरची औसा तालुक्यांतली. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, किल्लारीच्या जवळच्याच एका गांवीं दिली होती. आई तिला अक्का म्हणे. तेरणेच्या खोऱ्यांतलीं तीं गांवें म्हणजे काळी कसदार जमीन, ज्वारीचीं शिवारें, आणि नजर पोहोंचेल तोंवर सपाटी. मावशीचें घर दगडी, भिंती अडीच हात रुंद, वर माळवद. आमच्याकडे ती एकदांच आली. आज्याकडे बघून तिनें तोंडाला पदर लावला आणि आईला म्हणाली, "अगं, हे लटकतं मरण बघत तुला घास तरी कसा जातो? चल माझ्याकडं. आमच्यात डोक्यावर आभाळाबिगर काय नाही." पुढें प्रत्येक पावसाळ्यांत तिचा निरोप येई. आई हंसून टाळी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजावयाला चार मिनिटें कमी असतांना, लातूर आणि उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हलली. आदल्या रात्रीं अनंत चतुर्दशीचें विसर्जन करून लोक दमून निजले होते. भूकंप ६.२ च्या प्रतीचा. जगांत याहून मोठे भूकंप दर वर्षीं कित्येक होतात. तरी बावन्न गांवें जमीनदोस्त झालीं आणि आठ ते दहा हजार माणसें गेलीं. मी त्या वेळीं औरंगाबादला एम्.ए.च्या वर्गांत होतों. मिळेल त्या वाहनानें मी तिसऱ्या दिवशीं मावशीच्या गांवीं पोहोंचलों. गांव तेथें नव्हतें. दगडांची एक पसरट रास होती, तिच्यावर पाऊस पडत होता, आणि राशींतून मधूनमधून लांकडी खांब आणि तुळया जशाच्या तशा उभ्या होत्या. मावशीच्या घराचा खण मला त्यावरूनच ओळखतां आला. सांगाडा उभा होता. भिंती मात्र आंत आल्या होत्या. ती आणि तिचीं दोन नातवंडें कशीं सांपडलीं हें मी आईला सांगितलेलें नाहीं, आणि येथेंहि सांगत नाहीं.

तो दगड मीं हातांनीं उचलला आहे. आमच्या अंगणांतल्या धोंड्याचाच तो दगड. तोच काळा रंग, तेच पांढरे खडे. पुढें शास्त्रज्ञांनीं किल्लारीला खोल भोंक पाडून पाहिलें तेव्हां हा काळा पाषाण ३३८ मीटर खाली गेलेला आढळला. तेथें डोंगर नव्हता हें खरें. परंतु लोकांनीं तो शेतांतून वेंचून आणून आपल्या उशाशीं रचला होता. त्या भिंतींना दोन पदर असत. मध्यें गोटे आणि चिखल भरलेला, आणि दोन्ही पदर एकमेकांना बांधणारे लांब दगड क्वचित् घातलेले. माळवदावर उन्हापासून आसरा म्हणून माती, आणि गळूं नये म्हणून दर कांहीं वर्षांनीं त्या मातीवर आणखी माती. भिंत जितकी जाड तितकें घर खानदानी. चोरांपासून, उन्हापासून, थंडीपासून रक्षण करण्यासाठीं जें जें केलें तें तें त्या पहाटे अंगावर आलें. आणि देशाच्या भूकंप-नकाशांत तो प्रदेश त्या वेळीं सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत रंगविलेला होता! तो रंग २००२ सालीं बदलण्यांत आला.

मावशीच्या मृत्यूनंतर आईच्या आयुष्यांत वादाचा एक मुद्दा कायमचा निकालांत निघाला. घर सोडण्याविषयीं कोणी कांहीं बोललें कीं ती एकच प्रश्न विचारी : "अक्काच्या घरावर कोणता डोंगर होता रे?" या प्रश्नाला उत्तर नव्हतें. मी तर्कशास्त्र वाचलेलें आहे; एक जागा सुरक्षित वाटून घातक ठरली म्हणून दुसरी घातक वाटणारी जागा सुरक्षित ठरत नाहीं, हें मला दिसत होतें. परंतु ज्या हातांनीं मीं मावशीच्या अंगावरचे दगड काढले त्या हातांनीं फळ्यावर असलें प्रमेय लिहून दाखविण्याचा धीर मला झाला नाहीं. खरें सांगावयाचें तर त्या प्रश्नाआड मला स्वतःलाहि लपतां येत होतें.

कारण २०११ सालीं वडील वारले, आणि त्यानंतर आज्यापर्यंत कोणीहि चढलें नाहीं. पहिल्या वर्षीं सुतक, दुसऱ्या वर्षीं परीक्षांचे पेपर, तिसऱ्या वर्षीं मुलीची दहावी. चौथ्या वर्षीं कारण शोधण्याचीहि गरज उरली नाहीं. दरम्यान ३० जुलै २०१४ ला आंबेगांव तालुक्यांतलें माळीण डोंगराखालीं गडप झालें आणि १५१ माणसें गेलीं. मीं वर्गांत दोन मिनिटें स्तब्धता पाळविली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळिये गांवावर दरड आली. ऐंशींहून अधिक गेलीं. त्या रात्रीं मीं आईला फोन करून पावसाची चौकशी केली. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या अंगावरची इर्शाळवाडी गाडली गेली. २७ देह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत. तीं बेपत्ता ठरवून चौथ्या दिवशीं शोध थांबविण्यांत आला. हीं सर्व संकटें आमच्यासारखीं नव्हेत, हें मला माझ्या सहकाऱ्यानें सांगितलें होतें. तेथें पावसानें भिजून जड झालेला सारा उतारच माती-दगडांसह घसरला. आमच्याकडे एक सुटा धोंडा गडगडण्याचें भय. परंतु वर्तमानपत्रांतल्या एका वाक्यानें माझी झोंप उडाली. इर्शाळवाडी दरडीचा धोका असलेल्या गांवांच्या यादींत नव्हती. मला एकदम तो जुना नकाशा आठवला. आमच्या वस्तीचें नांव कोणत्या यादींत आहे कीं नाहीं, याची मीं कधीं चौकशीहि केलेली नव्हती. आमची यादी एकच होती, ती चुन्यांत लिहिलेली होती, आणि बारा वर्षें ती कोणीं वाचली नव्हती.

ऑगस्टमध्यें उघडीप मिळतांच मी गांवीं गेलों आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं वर चढलों. पन्नाशीं उलटलेल्या, खुर्चीवर बसून शिकविण्याची संवय लागलेल्या माणसाला ती दोनशें फुटांची चढण बरीच शिकवून जाते. सीताफळीच्या झाळींतून, घसरत्या मुरमावरून, दोन ठिकाणीं हातांवर ओणवें होऊन मी आज्याच्या पाठीशीं पोहोंचलों. वडिलांच्या थाप्या एका रांगेंत होत्या. ७१, ७८, ८३, ८८, २००५. प्रत्येकीवर केसासारखा एकेक तडा, मोजकाच, जणूं पट्टीनें आंखलेला. शेवटची थापी २००९ ची. ती दोन तुकडे होऊन चिरेच्या दोन्ही कांठांना चिकटून राहिली होती, आणि त्या दोन तुकड्यांमधून माझी करंगळी आरपार गेली.

मी तेथें किती वेळ बसलों होतों हें मला आठवत नाहीं. खालीं आमच्या घराचें छप्पर दिसत होतें; अंगणांत धोंडा, धोंड्यावर वाळत घातलेलें आईचें लुगडें. वडिलांच्या अडतीस वर्षांत आजा जेवढा सरकला नव्हता तेवढा तो माझ्या बारा वर्षांच्या दुर्लक्षांत सरकला होता. माझ्या दुर्लक्षानें तो सरकला असें नव्हे. मी पाहिलें असतें तरीहि तो सरकलाच असता. परंतु मग तें मला ठाऊक असतें.

तेथें बसलों असतांना मावशीचें एक वाक्य मला आठवलें. किल्लारीचा मोठा भूकंप अचानक आला असें आपण म्हणतों. तें खरें नाहीं. वर्षभर आधीं, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, त्या गांवांना लहान लहान धक्के एकसारखे बसत होते. लोक घाबरून अंगणांत निजूं लागले. मावशीहि निजत होती. त्या वर्षींच्या दिवाळींत मी तिच्याकडे गेलों तेव्हां ती पुन्हां घरांत निजूं लागली होती. मीं विचारलें तेव्हां ती कंटाळून म्हणाली, "किती दिवस बाहेर निजायचं रे? थंडी पडली. जमिनीचं काय, ती हलतीच हाय." तिला समज कमी होती असें नव्हे. ती थकली होती. माझ्या वस्तीच्या त्या सुंदर शास्त्रांतली उणीव हीच होती. वानरें, सळसळ, झडीचा तिसरा दिवस, हें सारें सांगणारी माणसें कांहीं वर्षें कांहीं न घडलें तर ऐकणें सोडतात. दगडाला सहा कोटी वर्षांची संवय आहे. तो कंटाळत नाहीं. माणसाची भीति मात्र फार तर दोन पावसाळे टिकते. वडिलांना हें समजलें असावें. त्यांनीं भीतीवर भरंवसा ठेवला नाहीं आणि धीरावरहि ठेवला नाहीं. वर्षाला एक चढण ठरवून टाकली.

खालीं येऊन मीं आमच्या ओळींतल्या आठहि घरांना जें पाहिलें तें सांगितलें. कचेरींत अर्ज दिला. माझा सहकारी येऊन पाहून गेला. त्याच्या मतें सुरुंग लावणें वेडेपणाचें. एकाला पाडतांना त्याचे चार भाऊ सुटतील. पुण्या-मुंबईच्या द्रुतगति मार्गावर २०१५ सालीं आडोशी बोगद्यापाशीं दरड पडून माणसें दगावल्यावर तेथील कड्यांना पोलादी जाळ्या बांधण्यांत आल्या, तसें येथेंहि करतां येईल. पण ज्या रस्त्यावरून रोज हजारों मोटारी जातात त्याचा खर्च आणि आठ घरांचा खर्च यांचा हिशेब सरकारदरबारीं एकाच वहींत मांडला जात नाहीं. शेवटीं तो म्हणाला, "सर, धोंडा हलविण्यापेक्षां खाट हलविणें स्वस्त." पांच घरांनीं तें लगेच मानलें. झड लागली कीं त्यांनीं ओढ्यापलीकडच्या शाळेंत निजावयाचें ठरलें. तीन घरांनीं मानलें नाहीं. त्यांतलें एक आमचें.

"तुझा बाप एवढी वर्षं वर जायचा," आई म्हणाली, "त्यानं कधी म्हणलं का घर सोडा?" आणि मग तो नेहमींचा प्रश्न आला. या वेळीं मीं उत्तर दिलें. मावशीच्या घरावर डोंगर नव्हता. पण तिलाहि वर्षभर आधीं निरोप आला होता, आणि ती वीस-पंचवीस रात्रीं बाहेर निजून मग आंत गेली होती. दिवाळींतलें तें वाक्य मीं आईला तीस वर्षांत सांगितलें नव्हतें. मेलेल्या माणसाचा दोष काढल्यासारखें होईल म्हणून मी गप्प राहिलों होतों. आई ऐकत होती. तिच्या हातांतली वात वळण्याची क्रिया थांबली नाहीं. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, "अक्का तशीच होती. कटाळायची लवकर." आणि उठून निजावयास गेली, अर्थात् आज्याखालींच.

त्या रात्रीं मी ओसरीवर जागा होतों. पाऊस नव्हता, वारा नव्हता. तरी सळसळ झाली कीं काय असें तीन वेळां वाटलें, आणि तिन्ही वेळां मी आंत जाऊन तिचा श्वास ऐकून आलों. तिला बळेंच उचलून लातुरास न्यावें, असा विचार मनांत आलाच नाहीं असें नाहीं. पण दगडाखालीं हात सांपडला असतां तो हिसकून काढूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. शिवाय लातुरांत मी तिसऱ्या मजल्यावर राहतों. त्या इमारतीच्या खांबांत लोखंड किती आणि वाळू कसली, हें मीं घर घेतांना विचारलें नव्हतें. संगमरवरी फरशी मात्र नीट पाहून घेतली होती.

सकाळीं चहा देतांना आईनें विचारलें, "किती फुटली म्हणालास?" मीं करंगळी दाखविली. "आणि तुझ्या बापाच्या वक्ताला?" मीं डोक्याचा एक केंस दाखविला. तिनें माझी करंगळी आपल्या दोन बोटांत धरून क्षणभर चांचपून पाहिली, बाजारांत शेंग पारखावी तशी, आणि सोडून दिली. "झडीत येईन शाळेत," ती म्हणाली. "पण दिवसाचं घर सोडणार नाही." मीं आणखी कांहीं मागितलें नाहीं. परत येण्यापूर्वीं मी पुन्हां वर गेलों. चुना मिळाला नाहीं म्हणून सिमेंटची थापी लिंपली, आणि वडिलांच्या रांगेच्या शेवटीं खिळ्यानें २०२३ लिहिलें. अक्षर वडिलांसारखें आलें नाहीं.

त्यानंतर मीं एकहि वर्ष चुकविलेलें नाहीं. धोंडा अजून पडलेला नाहीं. तो माझ्या हयातींत पडेल कीं नाहीं हें माझा भूगर्भशास्त्रज्ञ मित्रहि सांगूं शकत नाहीं. झडीच्या तिसऱ्या रात्रीं आई शाळेंत निजते, कुरकुर करते, डांसांना नांवें ठेवते आणि सकाळीं घरीं जाऊन देवापुढें दिवा लावते. न मानणाऱ्या उरलेल्या दोन घरांपैकीं एक आतां येतें; एक अजून येत नाहीं. माझे गुडघे दुखतात. माझ्यानंतर ही चढण कोण चढणार, हा विचार वर जातांना प्रत्येक पावलाला येतो. गेल्या उन्हाळ्यांत मुलगी पुण्याहून आली होती; ती सोबत आली. तिनें वडिलांच्या थाप्या एकेक करून वाचल्या, मग पोलादी पट्टी लावून माझी थापी मोजली आणि आंकडा आपल्या वहींत टिपून घेतला. मीं तिला कांहीं सांगितलें नाहीं. वडिलांनींहि मला कांहीं सांगितलें नव्हतें.

आम्ही खालीं आलों तेव्हां आई ओसरीवर शेंगा फोडीत बसली होती.

"काय म्हणतो आजा?"

वडील असते तर काय म्हणाले असते, हें मला ठाऊक होतें. "निजला आहे" हे दोन शब्द माझ्या ओठांवर आलेहि होते. पण मुलगी शेजारीं उभी होती, तिच्या हातांत वही होती.

"दोन सुतं सरकला, आई."

आईनें मान हलविली. सुपांतल्या शेंगा तिनें बाजूला सारल्या, गुडघ्यावर हात टेंकून ती उठली, आंत गेली, आणि शाळेंत न्यावयाची वाकळ उन्हांत टाकण्यासाठीं बाहेर घेऊन आली. अंगणांतल्या धोंड्यावरच तिनें ती पसरली. मृगाला अजून चार दिवस अवकाश होता.